‘सिस्टर, एक बाटली लावून द्या ना’

दुपारची ओपीडी संपत आली की एखादी ताई हळूच बाजूला येऊन म्हणायची, ‘सिस्टर, एक बाटली लावून द्या ना. लई कमजोरी वाटून राहिली.’ नाडी पाहावी तर ठीक. बीपी थोडंसं वर. रक्त कमी असलं तर त्याच्या गोळ्या आधीच दिलेल्या आणि त्या घरी डब्यात तशाच पडलेल्या. अंग दुखते, डोकं जड राहते, छातीत धडधड होते, रात्री दोनला डोळा उघडला की मग लागत नाही. नागपुरातल्या आपल्या वस्त्यांमधून येणाऱ्या बायांचं हे दुखणं मी वर्षानुवर्षं ऐकलं.

पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत जेमतेम पाच चमचे साखरेइतकं ग्लुकोज असतं. बाकी पाणी. जिला तोंडाने खाता-पिता येतं, तिला या बाटलीचा काही उपयोग नाही. हे मी प्रत्येकीला समजावून सांगायची. तरीही बाया बाहेर खाजगीत पैसे मोजून बाटली लावून घ्यायच्या, आणि वर सांगायच्या की बरं वाटलं. मला राग यायचा. एक दिवस मी चिडूनच एका मावशीला विचारलं, साखरपाण्याने तुम्हाला बरं कसं वाटतं हो? ती म्हणाली, ‘बाटली लागली का नाही सिस्टर, तेवढा एक घंटा मले कोणी आवाज देत नाही.’

मी गप्प झाले. औषध त्या बाटलीत नव्हतंच, ते त्या एका तासात होतं. पाठ टेकलेली, कोणी हाक मारत नाही, आणि सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना मान्य असलेलं कारण हाताला टोचलेलं आहे. घरात अशी जागा तिला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, वर टिनाचं छत, आणि कामावर जाताना-येताना डोक्यात किस्त, गॅस, पोराची फी.

असा तास सुई न टोचता देता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला. नोकरी सोडून वस्तीत आरोग्याचं काम करायला लागल्यावर त्याचं एक उत्तर सापडलं. ते सापडलं लहान पोरांच्या रंगपेटीत. म्हणून या महिन्याचं आरोग्याचं पान रंगांवर आहे. हसू नका, पुढे वाचा.

भीमजयंतीच्या आठवड्यात विहारात पोरांची चित्रकला स्पर्धा होती. पोरं चटईवर पालथी पडून अशोकचक्र नाहीतर बाबासाहेबांचा कोट रंगवत होती. आया भिंतीला टेकून बसलेल्या. स्पर्धा संपली, पोरं खाऊच्या रांगेत पळाली, आणि कागदांचा, खडूंचा पसारा तिथेच राहिला. एका आईने पोरीचा अर्धवट राहिलेला कागद ओढला आणि कडेने निळा रंग भरत बसली. शेजारचीनेही घेतला. पाच-सात बाया. कोणी बोलत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं विहारात पंख्याचा आवाज तेवढा. मग एकीच्या लक्षात आलं की मी पाहतेय, आणि तिने झटकन कागद उलटा केला. ‘मले कुठं चित्र येते सिस्टर, उगाच आपलं.’

हे ‘मले कुठं चित्र येते’ मी त्यानंतर जवळजवळ प्रत्येक बाईच्या तोंडून ऐकलं. मागे गेलं की बहुतेकदा शाळा निघते. रंगपेटी आणली नाही म्हणून चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर उभं केलं. शेजारच्या मुलीने आपला ब्रश वापरू दिला नाही, का दिला नाही ते तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. एकीने काढलेलं झाड सरांनी सगळ्या वर्गाला हसायला दाखवलं होतं. पन्नाशीची बाई ते सांगताना आजही खाली बघते. हाताला येत नाही असं नाही. हात तेव्हा आखडला, तो आखडलेलाच राहिला.

आणि याच बाया गोधड्या शिवतात! जुन्या लुगड्यांचे तुकडे जमवायचे, गडद शेजारी फिका लावायचा, चारही बाजूंनी धावदोरा घालत मध्याकडे यायचं. हे रंगाचं आणि रेषेचंच काम आहे. आपल्या आज्या जात्यावर भीमाच्या ओव्या रचत होत्या, त्या कुठल्या वर्गात शिकल्या होत्या? कला आपल्या घरात होतीच. तिला कला म्हणायचा हक्क आपल्याकडे नव्हता. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपलं पान आरोग्याचं.

शरीरात काय घडतं, तेवढं आधी पाहू. काळजी सतत राहिली की मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक जास्त सोडत राहतात. संकटाच्या वेळी ते कामाचं असतं, पळायला, लढायला ताकद देतं. पण किस्तीची काळजी वाघासारखी येऊन निघून जात नाही, ती महिनोन्‌महिने घरातच राहते. मग झोप उडते, बीपी चढतं, साखर वाढते, आंबटपणा होतो, मान आणि पाठ धरते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल या संशोधक बाईंनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं रंग, माती आणि चिकटकामाचे कागद देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. सुमारे पाऊणशे टक्के लोकांचं उतरलं. आधी चित्रं काढायची सवय होती की नव्हती, याने फरक पडला नाही. उरलेल्यांचं मात्र उतरलं नाही, हेही लक्षात ठेवायचं. अभ्यास छोटा होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. नुसते ४५ मिनिटं शांत बसले असते तरी काहींना बरं वाटलं असतं, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र पाहून अहवाल काढला, त्यातही कलेचा आरोग्याला हातभार लागतो असाच सूर आहे. माझं स्वतःचं म्हणाल तर मला बाटलीवाल्या मावशीचा पुरावा पुरेसा वाटला होता.

या सगळ्याची एक गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण ती टीबीच्या दवाखान्यातली आहे. आपल्या वस्त्यांना टीबी नवीन नाही. १९३८ मध्ये एड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार टीबी होऊन इंग्लंडमधल्या सॅनेटोरियममध्ये पडला होता. टीबीवर औषध तेव्हा नव्हतंच. महिनोन्‌महिने पडून राहायचं, एवढाच इलाज. तो खाटेवर बसून हाताशी असेल ते रेखाटू लागला. बाटली, फुलदाणी, खिडकी. मन ताळ्यावर आल्यासारखं वाटलं, तशी त्याने बाकीच्या रोग्यांनाही कागद द्यायला सुरुवात केली. १९४२ मध्ये त्याने या गोष्टीला ‘आर्ट थेरपी’ असं नाव दिलं आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आज आर्ट थेरपी हा रीतसर शिकायचा विषय आहे. आपण विहारात बसून करतो ती थेरपी नाही. मी नर्स आहे, थेरपिस्ट नाही. आपण मन मोकळं करायला रंगांशी खेळतो, एवढंच.

आता कसं करायचं ते सांगते.

सामान फार लागत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून, शाळेतून, ऑफिसातून पाठकोरे कागद मागून आणा. नवा कोरा पांढरा कागद दिला की बाया घाबरतात, खराब होईल म्हणतात. पाठकोऱ्यावर हात मोकळा चालतो. तेलखडूंच्या दोन-तीन पेट्या आठ-दहा जणींना पुरतात. तेही नसेल तर घरात रंग आहेत: हळद, चहाचं उकळलेलं पाणी, चुलीचा कोळसा, गेरू, कपड्याला लावायची नीळ. ब्रश नको, कापसाचा बोळा किंवा बोट चालतं. शेंदूर मात्र आणू नका, त्यात शिसं असतं. होळीचे उरलेले रंगही नकोत. लहान पोरं जवळ असतील तर नीळ उंचावर ठेवा, आणि शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. बोटं सांधेवाताने वाकडी असतील तर खडूला चिंधी गुंडाळून जाड करा, धरायला सोपं जातं.

वेळ संध्याकाळी पाचनंतरची. उन्हाळ्यात तर त्याआधी टिनाखाली बसवतच नाही. एक तास. आठ-दहाच्या वर माणसं नकोत. एकीने पुढे बसून सांगायचं, आणि तिने स्वतःही काढायचं. ही अट मी सोडत नाही. जी नुसती उभी राहून बघते, ती बाई बाकीच्यांना शाळेतली मास्तरीण वाटते.

पाय पसरून, मांडी घालून, जसं जमेल तसं बसायचं. खडू हातात घ्यायचा. श्वास आत येईल तशी रेष वर न्यायची, बाहेर जाईल तशी खाली आणायची. बस. डोंगरासारख्या रेषा उमटत जातात. विहारात आनापान केलेल्यांना हे लगेच कळतं. डोळे मिटून बसलं की काही जणींना जास्तच घाबरायला होतं. ज्यांनी घरात मार खाल्लाय, ज्यांचं कोणी अचानक गेलंय, त्यांना मिटल्या डोळ्यांसमोर तेच दिसतं. अशा बाईला ‘ध्यान लागत नाही म्हणजे तुझंच चुकतं’ असं कोणी म्हणू नये. तिने डोळे उघडे ठेवून रेषेवर लक्ष ठेवावं. श्वास तोच.

मग थोडा खेळ. कागदाकडे न बघता दहा आकडे मोजेपर्यंत रेघोट्या मारायच्या, मग कागद फिरवून फिरवून त्यात काय दिसतं ते शोधायचं. मासा दिसतो, बदक दिसतं. एकीला सासूचं नाक दिसलं आणि सासू शेजारीच बसली होती. सासू सगळ्यांत जास्त हसली. किंवा डाव्या हाताने घर काढायचं. डाव्या हाताने सगळ्यांचंच वाकडं येतं. त्यामुळे ‘मले येत नाही’ हा प्रश्नच मिटतो. बीए झालेली आणि अंगठा लावणारी, दोघींची घरं सारखीच तिरकी.

हसून झालं की मुख्य काम, गोधडी. कागदाची चार वेळा घडी घालून उलगडला की सोळा घरं पडतात. प्रत्येक घरात एक आठवणीतलं लुगडं किंवा कपडा भरायचा. आईचं, लग्नातलं, पहिल्या पगाराचं, बाळंतपणातलं. नुसता रंग भरला तरी चालतं, बुट्टे काढले तरी चालतं. यात अर्धा तास कुठे जातो कळत नाही. इथे कधी कधी रडू येतं. येऊ द्या. ‘रडू नको, रडू नको’ करत पाठीवर थापटू नका, त्याने रडणारीला वाटतं की आपण सगळ्यांना त्रास देतोय. पाण्याचा ग्लास जवळ ठेवा आणि आपलं घर भरत राहा. ती थांबेल तेव्हा थांबेल.

शेवटी जिला आपल्या कागदाविषयी बोलायचं ती बोलते, जिला नाही ती नाही. कागद जिचा तिचा. भिंतीवर लावायचा नाही. मोबाइलमध्ये फोटो काढून ग्रुपवर टाकायचा तर बिलकुल नाही. आणि कृपा करून याचा कार्यक्रम करू नका. बॅनर, हारतुरे, सूत्रसंचालन, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत आणि पहिला-दुसरा नंबर. आपल्याला कशाचाही कार्यक्रम करायची भारी हौस. नंबर आला की हात पुन्हा आखडला.

‘छान’ हा शब्दसुद्धा जपून. एकीला छान म्हटलं की शेजारची आपला कागद झाकते. त्यापेक्षा दिसतं ते बोला: ‘हा निळा तुम्ही फार दाबून भरला’, ‘इथं कोरी जागा ठेवली का?’ बाई स्वतःच सांगायला लागते.

हे मी आज शहाणपणाने लिहितेय, पण सुरुवातीला माझ्याकडून एक मोठी चूक झाली. एक ताई दर रविवारी यायची आणि कागदाच्या मधोमध मोठा काळा गोल काढायची. भरून भरून, खडू मोडेपर्यंत. दुसरा रंग नाही. सलग तीन रविवार. मी नर्स, माझ्या डोक्यात आलं ती विहीर. बाईच्या मनात काहीतरी भलतंच आहे. चौथ्या रविवारी मला राहवलं नाही आणि सगळ्यांसमोर विचारून बसले, ‘ताई, ही विहीर आहे का? जिवाचं काही बरंवाईट करायचं येतं का मनात?’ ती माझ्याकडे पाहतच राहिली. उठली, कागद चुरगाळला आणि निघून गेली. दोन महिने आली नाही. वस्तीत बोलणं पसरलं की अमकीला सिस्टर वेडी म्हणाली.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तिने चहा टाकला आणि म्हणाली, ‘तवा हाय वो तो, सिस्टर! खानावळीत रोजच्या दीडशे पोळ्या होतात त्याच्यावर. दुसरं काय दिसन मले?’ आम्ही दोघी हसलो, पण मला लाज वाटली. तिच्या जिवावर बेतलेलं काही नव्हतं असं नाही. उजवा खांदा निकामी व्हायला आला होता, खानावळवाला दोन महिन्यांचे पैसे देत नव्हता. मी विहिरीत डोकावत बसले आणि तिचा खांदा माझ्या लक्षात आला नाही.

म्हणून सांगते, चित्रावरून माणूस ओळखायला जाऊ नका. काळा रंग म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद, असलं टीव्हीवरच्या ज्योतिषाने सांगावं.

आणि याची दुसरी बाजू. आमच्याकडे कॉलेजात जाणारी एक मुलगी यायची. तिच्या कागदावर नेहमी फुलं, मेंदीसारखी नक्षी, इतकी सुबक की सगळ्यांनी बघत राहावं. तिची कोणालाच काळजी नव्हती. एका रविवारी रंग भरता भरता ती शेजारच्या काकूंना सहज म्हणाली, ‘परीक्षेपर्यंतच आहो मी काकू, मग सगळ्यांची सुटका.’ मान खाली, हात चालूच. काकूंनी ते हसण्यावारी नेलं नाही. घरी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं. त्याच संध्याकाळी मी त्या मुलीला एकटीला भेटले आणि सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? यावेळी सगळ्यांसमोर नाही, दार लावून. ती म्हणाली, हो, महिनाभर झाला. असं विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणसाला बोलायला जागा मिळते. त्या रात्री तिला एकटं ठेवलं नाही. घरातल्या गोळ्या, औषधं आईने काढून आपल्याकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात नेलं. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन झालं, बरेच महिने लागले. ती मुलगी आज शिकते आहे. हे लिहिण्याआधी तिची आणि तवेवाल्या ताईची, दोघींची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्या मुलीला वाचवलं ते उपचारांनी, रंगांनी नाही. रंगांनी एवढं केलं की हात कामात गुंतले होते, कोणी तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघत नव्हतं, आणि तोंडातून ते वाक्य निघालं. भाजी निवडताना बाया जे बोलतात ते समोरासमोर बसवून विचारलं तर बोलणार नाहीत, तसंच हे.

तेव्हा कुठे थांबायचं ते माहीत असू द्या. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण तुटलं, कशातच मन लागत नाही, कामावर जाववत नाही, कानात आवाज येतात, जगून काय करायचं असं बोलणं सुरू झालं, तर खडू बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात मानसिक आजारांचा विभाग असतो. टेलिमानस ही सरकारी फोनसेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतर बाई गप्प झाली, बाळाकडे बघत नाही, असं दिसलं तर वाट पाहूच नका. बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून त्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि अंगात आलं, बाहेरचं लागलं म्हणून बाईला कोणा भगताकडे नेत असतील तर अडवा. बावीस प्रतिज्ञा आपण भिंतीवर लावायला घेतलेल्या नाहीत.

एक फायदा मी धरलाच नव्हता. रंग भरताना तीन बायांना रेष दिसत नाही हे कळलं. वर्षभर त्या ‘डोकं दुखते’ म्हणून गोळ्या खात होत्या. जवळचा नंबर लागला होता, चष्मा आला, डोकं थांबलं. एका आजीचा हात थरथरतो हेही तिथेच दिसलं आणि तपासणीला पाठवता आलं.

पुरुष अजून फार येत नाहीत. दोघे-तिघे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे पोरं येतात, वय निघून चाललंय, घरी तोंड दाखवायची चोरी झालीय अशी. एक जण तासभर नुसत्या सरळ रेषा मारतो. मारू दे.

आमचे एक जुने कार्यकर्ते दादा आहेत, नामांतराच्या काळात लाठ्या खाल्लेले. त्यांनी मला तोंडावर विचारलं, ‘बाई, नळाले पाणी नाही, नालीचं पाणी घरात येते, अन् तुम्ही बायांले रंग भराले लावता?’ प्रश्न चुकीचा नाही. लोकांना बरं वाटायला लावून मूळ दुखणं झाकायचं काम पुष्कळ लोक करतात, मलाही त्याची चीड आहे. रंगाने नळाला पाणी येणार नाही. मी दादांना एवढंच म्हटलं की मोर्च्याला जाणारी बाई आधी रात्री झोपलेली तर पाहिजे. नंतर एका रविवारी याच बायांनी मोठ्या कागदावर वस्तीचा नकाशा काढला. कोणत्या गल्लीत दिवा नाही, नाली कुठे फुटते, रात्री कुठून जायला पोरी घाबरतात. तो नकाशा घेऊन दादाच झोनच्या ऑफिसात गेले. चार दिवे लागले. नाली अजून तशीच आहे.

दादांना मी बाबासाहेबांची आठवणही दिली. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार असताना, डोक्यावर धम्माच्या ग्रंथाचं आणि सगळ्या समाजाचं ओझं असताना, बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली. त्यांनी बुद्धाचं चित्र काढलं ते उघड्या डोळ्यांचं. त्या माणसाला वेळ नव्हता असं म्हणण्याची आपल्यापैकी कोणाची छाती आहे? दादा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा विहाराच्या दाराशी ठेवून गेले.

कागदांचं शेवटी काय करायचं, असं बाया विचारतात. तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचं मंडल दिवसचे दिवस खपून घालतात आणि पूर्ण झालं की झाडून गोळा करतात, वाहत्या पाण्यात सोडतात. अनित्य डोळ्यांनी दिसावं म्हणून. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. हिवाळ्यात नागपुरात स्वेटरची दुकानं लावतात ते हेच लोक, हे सांगितल्यावर बायांना जास्त खरं वाटलं. आमच्यातल्या काही जणी कागद फाडून टाकतात. काही जणी गादीखाली ठेवतात. एकीने गोधडीचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय. जेवायला डबा उघडला की तिच्या आईचं लुगडं दिसतं.

तवेवाली ताई परत येते. खांद्याचे व्यायाम शिकवलेत, पैसेही अर्धे सुटले. गोल अजूनही काढते, काळाच. परवा म्हणाली, ‘सिस्टर, पेटीत काळा एकच असते, तो माह्यातच संपते. बाकीच्यायले पुरत नाही.’ तुमच्या विहारात सुरू करणार असाल तर काळे खडू दोन-चार सुटे जास्तीचे घेऊन ठेवा.